पारासमोरून

पार दिसला आणि स्वप्नालीचे पाय आपोआप थांबले. ती खाली वाकली, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि डोक्यावरची टोपी पदरासारखी पुढे ओढून खालमानेने चालू लागली. चार पावलं गेल्यावर तिला कळलं, आपण हे काय करून बसलो. पण आता बूट घालायचे, तर पारावरच्या सगळ्यांसमोर खाली बसावं लागलं असतं. सासरी आल्यापासून ही सवय हाडात मुरलेली. पारावर वडीलधारी बसलेली असली की गावातली सून पायताण हातात घेऊन हळू जाते. अर्ध मॅरेथॉनमध्ये तसं करायचं नसतं, हे पायांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मागून आलेली एक शहरातली पोरगी पुढे निघून गेली. जाता जाता म्हणाली, "ताई, बूट चावतोय का?"

पारावर गहिनीनाथ आबा होते. गुडघे गेलेले, आमदार आला तरी जागचे न हलणारे. शेजारी बसलेल्या तिच्या सासऱ्यांना ते म्हणाले, "बद्रीनाथ, तुझी सून पळायलीय का देवदर्शनाला निघालीय बे?"

म्हातारे खो खो हसले. बद्रीनाथ मान खाली घालून तुळशीचे मणी ओढत राहिले.

पार मागे पडल्यावर तिने बूट चढवले. नाड्या आवळल्या. मागे वळून पाहिलं तर दूरवर तो टेम्पो. घाटनांदूरहून शर्यत सुटल्यापासून तो सगळ्यांच्या मागे होता. ज्याला गाठेल त्याला वर घ्यायचा, त्याची शर्यत तिथेच संपायची. परवानगी देताना सासऱ्यांनी, तिच्याकडे न बघता, सासूला सांगितलं होतं, "तिला म्हणावं पळ. पण त्या गाडीत बसून आली, तर पुन्हा ह्या घरात पळायचं नाव न्हाई."

पुढे माळावरून वळसा घालून याच रस्त्याने परतायचं होतं. म्हणजे पुन्हा पार.

सप्ताहाच्या मंडपातून टाळ ऐकू येत होते. एरवी त्या ठेक्यावर तिची पावलं कशी छान पडत. आज बुवांनी चाल उचलावी आणि मागच्या टाळकऱ्याचा हात चुकतच जावा, तसं झालं होतं. तिला वैताग आला. आबांचा, सासऱ्यांचा, सगळ्यात जास्त स्वतःच्या पायांचा. पहाटे उठून धारा काढल्या, भाकरी थापल्या आणि मग बांधाबांधाने पळून सराव केला, तो काय बूट काढून दाखवायला? या खेपेला थांबायचंच नाही, म्हातारे पारावर बसले तर बसू देत. पण लगेच वाटलं, आपण पळत पुढे निघून जाऊ. मामंजींना मात्र उद्या त्याच पारावर बसायचंय. लोक म्हणतील, बद्रीनाथच्या सुनेने ऐन सप्ताहात म्हाताऱ्यांचा मान ठेवला नाही.

वळसा घेऊन ती परतली. टेम्पो आता पाठीशीच घुरघुरत होता. गाव आलं, तशी ती मनातल्या मनात नाड्या सोडू लागली.

पार रिकामा होता.

सगळे म्हातारे रस्त्यापलीकडे उन्हात उभे होते. तोंडं शाळेच्या भिंतीकडे, पाठी तिच्याकडे. आबांना दोघांनी काखेत धरलं होतं. शेजारी सासरे, तेही पाठमोरे.  इतकी लाज आणली आपण? तोंड बघायलाही कुणी तयार नाही? आता टेम्पोने गाठलं काय नि न गाठलं काय. ती मुकाट्याने थांबली.

रस्त्याच्या कडेला तिची सासू छबुबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "थांबलीस कावून गं?"

"मामंजींनी पाठ फिरवली, आत्या."

"आगं, त्यांनीच उठवलं समद्यांला. आबाला तर उचलून न्यावं लागलं. म्हणले, आपुन पारावर दिसलो तर पोरगी पुन्हा बूट काढंल."