एकोणीस

सातपूरच्या त्या समाजमंदिरावर पाटी होती, 'एकोणीस कराटे वर्ग'. सकाळची शिफ्ट संपवून प्रफुल्ल लेकीला, तेजलला, घेऊन थेट इथे आला होता. सविता मॅडम गुडघ्यावर बसून तिच्या कमरेला पांढरा पट्टा बांधत होत्या.

"एकोणीस म्हणजे काय हो मॅडम? एकोणीस डाव शिकवता का?" त्याने सहज विचारलं.

"पहिल्या दिवशी आम्ही नावाचा अर्थ सांगतोच, आणि पालकांसमोरच सांगतो." मॅडमनी गाठ आवळली. "चार वर्षांपूर्वी कंपनीच्या बसस्टॉपवर माझा नवरा मला पट्ट्याने मारत होता. शिफ्ट नुकतीच सुटलेली, ज्याच्या त्याच्या हातात डबा. नवराबायकोचं भांडण म्हणून कुणी मध्ये पडलं नाही. शुद्ध जाऊ नये म्हणून मी पडल्या पडल्या उभी असलेली माणसं मोजत राहिले. एकोणीस भरली."

प्रफुल्लने हातातला डबा पाठीमागे नेला.

"दादा, तुम्ही कुठल्या कंपनीत?" मॅडमनी वर न बघताच विचारलं.

"इकडेच," तो पुटपुटला आणि त्याने तेजलचा दंड धरला. "चल, उशीर झाला. उद्या येऊ."

तेजल जागची हलली नाही. ही गोष्ट तिने घरी कितीदा तरी ऐकली होती. तिने एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा बापाकडे.

"पण बाबा, तुम्ही मोजली तेव्हा तर अठराच होती ना?"