चौसष्टावा प्रवासी

टोंगा बेटांवरच्या नेइआफू बंदराच्या धक्क्यावरचा राखीव सर्व्हर लोसालिने नावाची बाई सांभाळायची. बोटींच्या प्रवाशांची मुख्य नोंद राजधानीत, नुकुअलोफाला व्हायची आणि तिची बरहुकूम नक्कल हिच्याकडे. वादळं आली, वीज गेली, यंत्र कितीदा तरी बंद पडून पुन्हा सुरू झालं, पण नऊ वर्षांत एका नावाचा फरक पडला नव्हता. हे ती चर्चमध्येसुद्धा ऐकवायची.

मंगळवारी दुपारी वीज परत आली. सर्व्हर सुरू झाला आणि भर समुद्रातल्या बोटीवर त्याने चौसष्ट प्रवासी दाखवले.

तिने नुकुअलोफाला मुख्य सर्व्हर सांभाळणाऱ्या सेमिसीला फोन लावला.

"इथे त्रेसष्टच आहेत," तो हसला. "घसरलात की शेवटी, ताईसाहेब!"

"माझं यंत्र चुकत नाही."

तरी तिने सगळी नक्कल पुसली आणि मुख्य सर्व्हरवरून नव्याने उतरवून घेतली. पुन्हा चौसष्ट. शेवटच्या नोंदीत नाव नव्हतं, फक्त वेळ होती, दोन चाळीसची. घड्याळात सव्वादोन वाजले होते.

पावणेतीनला सेमिसीचाच फोन आला. "ताई, बोटीवर एक बाई बाळंत झाली. दोन चाळीसला. मुलगी! आत्ताच नोंद केली."

लोसालिनेचा ऊर भरून आला. "सांगितलं नव्हतं तुला?"

"मानलं बुवा! आता दोन्हीकडे चौसष्टच ना?"

तिने ऐटीत पडद्याकडे पाहिलं. बोट संध्याकाळपर्यंत कुठल्याच धक्क्याला लागणार नव्हती. पडद्यावर प्रवासी शून्य होते. त्या नोंदीची वेळ होती तीन वाजून पाच मिनिटं; घड्याळात अजून तीनही वाजले नव्हते.

फोन तसाच टाकून तिने बोटीचा वायरलेस उचलला.