अस्सल खोबरेल

चौतीस साली सिराजुद्दीन मुंबईत एम.एस्सी.साठी खोबरेल तेलातली भेसळ पकडायची रीत शोधत होता. ताडून बघायला अस्सल तेल हवं, म्हणून तो बोटीने बोर्लीला घरी आला. अब्बांनी घरापुढच्या आपल्या तेलाच्या दुकानातल्या डब्यातून स्वतः बाटली भरून दिली. "आपल्या घाण्याचं हाय, डोळे झाकून ने."

मुंबईतल्या एकाही दुकानाचं तेल त्या बाटलीशी जुळलं नाही. सिराजुद्दीनने प्रबंधात सगळ्या दुकानदारांना छाती ठोकून भेसळखोर ठरवलं.

प्रबंध देऊन तो सुट्टीला घरी आला आणि न्हाण्याआधी डोक्याला लावायला त्याच डब्यातून तेल घेऊ लागला. अम्मीने त्याचा हात धरला.



"ते नको बेटा, ते गिऱ्हाइकांचं. घरचं चांगलं तेल आत ठेवलंय."