रिकामी खोप

या, असे जवळ सरका. टाळ खाली ठेवले की मंडळी उठून जातात. तुम्ही बसलात, म्हणून ही गोष्ट तुम्हाला. निजामाच्या अमलातली, पिलेगच्या सालातली, आपल्या नेकनूरच्या शिवारातली.

गेवराईचे सुंदरराव पाहणीला येताहेत असं कळलं, तेव्हा रुक्मिणीबाई खोप सारवत होती.

आदल्या वर्षी एक वाटसरू गाठीच्या तापानं बांधावर पडला. कुणी दारात घेतला नाही, पाण्यावाचून गेला. तेव्हा कीर्तनकार आश्रुबा बुवांच्या भजनी मंडळींनी गावाबाहेर आजाऱ्यांसाठी ही खोप बांधली. विधवा रुक्मिणीबाईनं आजाऱ्यांची सेवा अंगावर घेतली. धान्य आणि घोंगड्या मागायला गेवराईच्या व्यापाऱ्यांच्या धर्मादाय मंडळाकडे अर्ज गेला. मंडळाचा नेम एकच: चालत्या कामालाच मदत. ते काम बघायलाच मंडळाचे सुंदरराव येत होते. नाही मिळाली, तर खोप मोडायचं गावानं ठरवलं होतं.

आसपासच्या वस्त्यांत उंदीर मरून पडू लागले होते. खोपीत मात्र अजून एकही रोगी नव्हता.

"मावशी, आपल्या टाळकऱ्या मुंजाजीला घोंगडं पांघरून निजवू का?" बुवा म्हणाले. "कण्हतो चांगला."

"अन् खरंच कुणी आलं, तर त्येच्या जागी हे सोंग? न्हाई बुवा. रिकामी हाय तर रिकामी दाखवा."

गाडी आली. गाडीवानाशिवाय आत कुणीच नव्हतं. सुंदरराव बरंच अंतर राखून मागून चालत येत होते. भर उन्हात उपरणं घट्ट लपेटलेलं, डावा हात अंगापासून लांब धरलेला, डोळे लालभडक.

"बैलांची कीव आली वाटतं शेठला," कुणीतरी हसलं.

त्यांच्यासाठी सतरंजी अंथरली होती. ते बसले नाहीत. दूर बाभळीखाली उभ्यानंच त्यांनी कीर्तन ऐकलं.

कीर्तन सरलं की सगळे एकमेकांच्या पाया पडतात; तिथं लहानमोठं नसतं. बुवा पुढे झाले. सुंदरराव झटकन मागे सरले.

"तिथंच थांबा. लांबूनच नमस्कार."

"बघा, आपल्यालाच रोग हाय असं वाटतं ह्याला," बायांतली छबुबाई पुटपुटली.

बुवांनी अर्जाचा कागद पुढे केला.

"त्या दगडावर ठेवा." सुंदररावांनी तो वाकून वाचला. हात लावला नाही. "रोगी कुठं आहेत?"

"अजून कुणी न्हाई, मालक," रुक्मिणीबाई म्हणाली.

"मग हे चालतं काम कसं?"

रुक्मिणीबाई सारवलेल्या जमिनीकडे बघत राहिली.

"रोगी आला तर पाणी कोण पाजणार?"

"मी."

"जात विचारणार?"

"न्हाई."

"त्याच्या घरचं कुणी आलंच नाही, तर शेवटी जवळ कोण बसेल?"

"मीच बसन. माझी वाट बघाया घरी कोण हाय?"

बुवांचा तोल गेला. "इतकं खोदून खोदून इचारताय, रावसाहेब? द्यायचं नसंल तर सांगा. घरी नातवंडं असतील, दिवस हाय तवर निघा."

"आहेत नातवंडं," सुंदरराव म्हणाले. "म्हणूनच निघालो."

मग ते गाडीवानाकडे वळले. "धुळाजी, तू परत जा. मंडळाला सांग, काम चालू आहे. मदत लगेच पाठवा."

धुळाजी रिकाम्या खोपीकडे बघत राहिला. "अन् तुमी, मालक?"

सुंदरराव वाकून खोपीत शिरले. सारवलेल्या जमिनीवर उपरणं अंथरून आडवे झाले. डावा हात वर झाला, तेव्हा काखेतली लिंबाएवढी गाठ दारातून सगळ्यांना दिसली. "बाई, पाणी," ते म्हणाले, "लांबूनच ठेवा." रुक्मिणीबाई आत गेली, जवळ बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. आज कीर्तन सरल्यावर एकमेकांच्या पाया पडाल, तेव्हा तेवढी सुंदररावांची आठवण ठेवा.