भुरूचं पोस्टर

मी लोकांच्या कुत्र्या-मांजरांची डिजिटल पोर्ट्रेट काढतो. चौबे कॉलोनीतल्या अंजनाबाईंचा कुत्रा भुरू हरवला, तेव्हा त्या मोबाइलवरचा फोटो दाखवत रडल्या, "पोस्टरवर हा टाक, पण मले माहा भुरू आणून दे रे बाप्पा!"

"मावशी, फोटोत भाव नसतात," म्हणत मी पोस्टरवर माझं चित्र छापलं. डोळ्यांत आग, मानेवर उडणारे सोनेरी केस.

तीन दिवस एकही फोन आला नाही. मावशींनी जेवण सोडलं. चौथ्या दिवशी पाहतो तर कोपऱ्यावरचा चहावाला माझ्याच पोस्टरखाली भुरूला टोस्ट भरवत होता.

"भैया, फोन क्यों नहीं किया?" मी ओरडलो.

त्याने पोस्टरकडे पाहिलं, मग भुरूकडे. "ये वाला है? हम तो समझे, किसी का शेर खो गया है."