उजवा अंगठा

साक्रीहून धुळ्याला जाणारी पहिली बस सुटली, तेव्हा हिलाल कंडक्टरला माहीत नव्हतं की मधल्या बाकावर डोक्यावरून शाल घेऊन बसलेली बाई आपलीच बायको आहे. तो कंट्रोलरच्या खिडकीशी होता, तेवढ्यात कोकिळा गर्दीबरोबर चढली होती.

ज्या बाईसाठी ती आली होती, ती ओळखायला वेळ लागला नाही. एवढ्या थंडीत सगळे हात काखेत घालून बसलेले, आणि ही एकटी खिडकीशी विणत होती. कोकिळा तिच्या शेजारी जाऊन बसली. मांडीवरचा लोकरीचा गुंडा तपकिरी होता. तोच तपकिरी. हिलाल गेल्या आठवड्यात हातात ते मोजे घालून घरी आला होता, बोटं अर्धी उघडी असलेले. "एका पॅसेंजर बाईनं दिले," एवढंच म्हणाला. आणि ज्या माणसानं जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही, त्यानं ते मोजे रात्री स्वतः धुऊन दोरीवर घातले.

"कुणासाठी विणता बाई?" कोकिळेनं विचारलं. आवाज साधा ठेवायला तिला जड गेलं.

"ड्रायव्हरभाऊंसाठी." बाई हसली. ती जेमतेम पस्तिशीची होती. मोहिनी तिचं नाव, धुळ्याला टायपिस्ट होती. "आधी माझ्यासाठीच विणले होते. टायपिंगला बोटं मोकळी लागतात ना. मग तसेच कंडक्टरभाऊंना विणून दिले. आता हे म्हणतात, मी काय घोडं मारलंय?"

भाऊ म्हणते. कोकिळेला त्यानं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सुया एकमेकींवर टिकटिक करत होत्या, आणि ती त्या गोऱ्या, निवांत बोटांकडे बघत होती. घरून निघताना तिनं मनाशी एक वाक्य तयार केलं होतं, चारचौघांत सुनावायचं. ते अजून जिभेवरच होतं.

"कंडक्टरचं माप कसं घेतलं?" तिनं विचारलं.

"घेतलं कुठं! रोज तिकीट देतात, हात दिसतोच." मोहिनीनं टाके मोजायला सुई थांबवली. "डावा पटकन झाला. उजव्याचा मात्र अंगठा उसवून पुन्हा विणला, जरा सैल. त्यांचा तो अंगठा वळतच नाही. तिकीट फाडताना दोन बोटांत धरतात, बघा तुम्ही. विचारलं तेव्हा म्हणाले, बसच्या दारात सापडला होता."

कोकिळेला घरचं ताट आठवलं.

वर्षभर हिलाल म्हणत होता, भाकर चुरून दे. रोज संध्याकाळी ताट पुढं आलं की तेच. आणि ती रोज चिडून म्हणत होती, आता काय भरवू का, म्हातारा झालास का? शर्टाचं वरचं बटण लाव म्हणायचा, तेव्हाही तिला वाटायचं, लाडात आलाय. ती बटण लावायची आणि मान दुसरीकडे वळवायची. त्याचे हात तिच्या तोंडासमोर असायचे.

आणि ही बाई. रोज तासा-दीड तासाची ओळख. हिनं पाहिलं.

कोकिळेला वाटलं, हिचं काही वाकडं असतं, हिनं त्याच्याकडे भलत्या नजरेनं पाहिलं असतं, तरी बरं झालं असतं. तयार केलेलं वाक्य कामाला आलं असतं.

"तिकीट!"

हिलाल समोर उभा होता. त्यानं मशिनवरून मान वर केली आणि शालीतला चेहरा बघून तसाच राहिला.

"तू? आठे, बसमा?"

"हात दखाड," कोकिळा म्हणाली.

"काय?"

तिनं त्याचा उजवा हात धरला आणि मोजा ओढून काढला. अंगठ्याचं पेर सुजून जाड झालं होतं, नख काळं आणि वाकडं आलेलं. तिनं तो हळूच वाकवून पाहिला. वाकला नाही.

"कव्हय व्हयनं हाई?"

"मांगला साले. दारमा सापडना." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "सोड ना, लोके देखी ऱ्हायनात."

"देखू दे. माले काबर नही सांगं?"

हिलाल रागानं नाही, पण खरंच नवल वाटल्यासारखं म्हणाला, "त्यामा काय सांगानं? तू रोज देखसच ना."

पुढच्या बाकावरचा म्हातारा वळून बघायला लागला होता. कोकिळेनं मोजा उचलला. तो सैल विणलेला अंगठा तिनं आधी नीट बसवला, सुजल्या पेराला लोकर घासू न देता, मग बाकीची बोटं एकेक करून बाहेर काढली. काम चांगलं होतं. टाके एकसारखे होते. तेही तिला दिसलं, आणि तेही टोचलं.

मोहिनीच्या सुया केव्हाच थांबल्या होत्या. "तुम्ही यांच्या..." तिनं चाचरत विचारलं, "कोण?"

हिलालनं तोंड उघडलं, पण कोकिळाच आधी बोलली.

"बायको."

जरा मोठ्यानंच. भरल्या बसमध्ये बाहेरून रुमाल टाकून जागा धरावी, तसा तो शब्द तिला स्वतःलाच ऐकू आला.

"शेवाळी, शेवाळी फाटा!" मागून कुणीतरी ओरडलं.

हिलालनं मशिन काखेत दाबलं आणि डाव्या हातानं घंटीची दोरी ओढली. उजवा अजून तिनं सोडला नव्हता.