नळीचं तोंड

"नळी खिडकीबाहेर काढू नका हो," चंदा म्हणाली. "दिल्लीची हवा माणसांना सोसेना, माशाला काय सोसणार?"

राजारामना पटलं. मयूर विहारात आठवडाभर समोरची बिल्डिंगसुद्धा धड दिसत नव्हती. त्यांनी नळीचं तोंड घरातच, शोकेसवर, सुगतच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. घरातली सर्वांत स्वच्छ जागा तीच. चंदा तिथे धुळीचा कण राहू देत नसे.

खाऱ्या पाण्याची ती टाकी सुगतनेच हौसेने आणलेली. पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढणारा स्किमरही तो घरीच बनवत होता. पंप जोडला, हवेच्या नळीचं चित्र काढलं आणि काम अर्धवट टाकून मोकळा झाला. पोरांनी पसारा मांडावा, बापाने निस्तरावा, ही जुनीच रीत. राजाराम निवृत्त सरकारी इंजिनियर. त्यांनी ते पुरं केलं. पंप नळीतून हवा ओढू लागला, दुधासारखा बारीक फेस उठू लागला. काम चोख होतं.

तरी पंधरा दिवसांत चारपैकी तीन मासे गेले.

"हा एक तरी वाचवा," चंदा म्हणाली. "सुगतने आणलेला आहे."

"बघतोय ना."

तीन मासे काढून टाकताना राजारामना काहीच वाटलं नव्हतं. हल्ली कशाचंच वाटत नसे. चौथा गेला तर चंदापुढे कसं उभं राहायचं, एवढीच काय ती भीती उरली होती.

फाइल तपासावी तसं त्यांनी सगळं तपासलं. मीठ ठीक. पाण्याचं तापमान ठीक. पंप ठीक. नळीचं भोक ठीक. वहीत प्रत्येकापुढे सही केली. दिवसभर मासा बरा असे. दिवेलागणीनंतर मात्र तळाशी जाऊन धापा टाकी.

आज संध्याकाळी चंदाची वंदना चालू असताना ते टाकीपाशी स्टूल घेऊन बसले. स्किमरचं झाकण काढून फेसाला नाक लावलं.

फेसाला चंदनाचा वास येत होता.

त्यांची नजर नळीवरून सरकत वर शोकेसपर्यंत गेली.

"चंदा, जरा थांब."

"थांबू कशाला? आज वाढदिवस आहे त्याचा," ती न वळता म्हणाली. मग तिने रोजच्या एकीऐवजी तीन अगरबत्त्या पेटवल्या आणि सुगतच्या हार घातलेल्या फोटोपुढे, नळीच्या तोंडाशी लावल्या.